डोहावरचा धुरा

डोहावर जायचं असेल तर अकोल्याच्या बसस्थानकावरून अमरावतीची लाल गाडी पकडावी लागते. पुढे रिद्धपूर, मग चांदूर बाजार, मग परतवाडा. दुसरा रस्ता मला ठाऊक नाही. डोह म्हणजे नदीतलं खोल पाणी एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी आधी सांगून टाकते. डोह हा ग्रह आहे. शेकडो पृथ्व्या पोटात मावतील एवढा मोठा, सगळा वायूचा, पाय टेकायला जमीन म्हणून नाही. दुर्बीण लावून शोधू नका, सापडणार नाही. तो मी रचला आहे.

मी वनिता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि बी.एस्सी. झाले ते कोणाच्या शिफारशीनं नाही. अकोल्यात एका खासगी प्रयोगशाळेत शेतातली माती तपासते. माती तपासणाऱ्या बाईनं माती नसलेला ग्रह कशाला रचावा, असं पुष्कळांनी विचारलं. दिवसभर माती पाहिली की संध्याकाळी दुसरं काही पाहावंसं वाटतं, एवढंच माझं उत्तर आहे.

आम्ही वऱ्हाडातली काही माणसं मिळून विज्ञानकथांचं एक सामाईक विश्व लिहितो. त्याचं नाव दूरवस्ती. प्रत्येकाचा एक ग्रह किंवा उपग्रह, आणि त्याचा इतिहास ज्याचा त्यानं लिहायचा, पण तो दुसऱ्याच्या इतिहासाशी जुळला पाहिजे आणि शेजारच्या ग्रहवाल्याला पटला पाहिजे. यंदा याचं पुस्तक निघणार होतं. त्यात काय जाणार हे ठरवायला डिसेंबरातल्या एका रविवारी परतवाड्याला बैठक होती.

आमच्यात सकाळची एक रीत आहे. उठल्यावर जो तो फोनवरच्या आमच्या गटात आपल्या ग्रहाचं नाव लिहितो, आणि विश्वात त्याच्या शेजारी असलेल्यानं उत्तर द्यायचं, ‘दिसला’. माझा शेजारी गारा. डोहाभोवती फिरणारा दगडी उपग्रह तो, अमरावतीच्या पाटणकर सरांचा. सर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घरात तीन पिढ्यांची मास्तरकी, बोलणं तोलूनमापून, आणि ही रीतही त्यांनीच घातलेली.

दिवाळीनंतर सरांनी गटात लिहिलं की डोहाचा इतिहास त्यांनी पूर्ण वाचला आणि त्यातली धुऱ्याची लढाई त्यांना मान्य नाही. ज्यांना धुरा माहीत नाही त्यांच्यासाठी, दोन वावरांच्या मधली जमिनीची पट्टी म्हणजे धुरा. तुम्ही बांध म्हणत असाल. आमच्याकडे सख्खे भाऊ धुऱ्यावरून आयुष्यभर बोलत नाहीत. डोहावरच्या दोन गावांत मी तीन पिढ्या चाललेली लढाई याच धुऱ्यावरून लावून दिली होती. सरांचं म्हणणं साधं होतं. जिथे जमीनच नाही, जिथे सगळं वाऱ्याबरोबर वाहतं, तिथे धुरा कुठून आला? रविवारी याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर पुस्तकात डोहापुढे ‘निर्जन’ असं छापलं जाईल.

निर्जन म्हणजे माझी सगळी गावं, सगळी माणसं झालीच नव्हती असं. त्या दिवसापासून मी सकाळी ‘डोह’ लिहायची आणि खाली काही यायचं नाही. मी मात्र सरांना रोज लिहायची, ‘गारा दिसला’. रीत म्हणजे रीत.

अकोला ते अमरावती, शुक्रवार

निघताना माझ्याजवळ कपड्यांची एक पिशवी होती आणि दुसऱ्या पिशवीत डोह होता. तारेच्या गोळ्यावर सरकी काढलेला कापूस गुंडाळून, चहाच्या पाण्याचे आणि हळदीचे पट्टे देऊन मी त्याची प्रतिकृती केली होती. मोठ्या कलिंगडाएवढी. रंगीत डोक्याच्या टाचण्या खोचून त्यावर गावं दाखवली होती. लेखी उत्तर सुचत नव्हतं, निदान हातात दाखवायला काही असावं म्हणून.

कंडक्टरनं पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, याचं तिकीट काढायचं का. शेजारच्या बाईला वाटलं लेकाच्या शाळेचा प्रकल्प आहे. मी लग्न झालेलं नाही म्हटलं, तर ती पिशवीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत राहिली. बोरगाव मंजू येईपर्यंत तिनं मला दोन स्थळं सुचवली.

बाहेर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. जिनिंगजवळच्या बाभळींना दोन्ही बाजूंनी कापूस लटकलेला, जणू झाडांनाच बोंडं आलीत. मूर्तिजापूरच्या आसपास तूर पिवळी पडायला लागलेली. एरवी हे पाहायला मला फार आवडतं. त्या दिवशी मला प्रत्येक वावरात फक्त धुरेच दिसत होते. इथे बोराटीचं कुंपण, तिथे नुसती गवताची रेघ, एका ठिकाणी तर दगडाला पांढरा चुना. जिकडेतिकडे धुरा, आणि प्रत्येक धुरा जमिनीत घट्ट रुतलेला. सरांचं खरं आहे, असं मला पहिल्यांदा तिथे वाटलं.

अमरावतीला राजापेठेत उतरले तर कमलमावशी घ्यायला आली होती. ही माझ्या आईची धाकटी बहीण. तिनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला आहे. शनिवारी तिला रिद्धपूरला जायचंच होतं, तिथून माझ्यासोबत परतवाड्याला यायचं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. पोरीनं एकटीनं लांब जाऊ नये म्हणून नाही. तिला त्या मास्तरला पाहायचं होतं.

अकोल्यात पाहुणा आला की आधी पाणी, मग विचारपूस. अमरावतीत आधी गिला वडा. चौकातल्या गाडीवर मावशीनं दोन प्लेटी सांगितल्या. गार दह्यात बुडालेला मऊ वडा, वर हिरवी मिरची, असा पदार्थ आमच्या अकोल्यात कोणाला जमत नाही, हे मी अकोल्याची असून लिहिते. पण घास उतरेना. मावशीनं पिशवीत डोकावून विचारलं, हे काय वं. मी दाखवायला डोह वर काढला, गाडीवाल्याचा हात लागला, आणि दह्याचा एक मोठा थेंब बरोबर मधल्या पट्ट्यावर पडला. पुसायला गेले तशी हळद पसरली. तिथे लालसर पांढरा एक डोळा उमटला.

मला रडू येईल असं वाटलं. मावशी म्हणाली, “राहू दे. दृष्ट लागाची नाई आता.”

घरी कढी-गोळे खाताना तिनं विचारलं की या गोळ्यावर लोक राहतात तरी कसे. मी तिला डोहाचा इतिहास सांगितला. तुम्हालाही इथेच सांगते, म्हणजे पुढे अडणार नाही.

सगळ्यात आधी ठेक्याचा काळ. एका कंपनीनं डोहाच्या वरच्या ढगांतून वायू काढायला मजूर नेले. त्यांना राहायला प्रचंड फुग्यांखाली लटकणारी गावं बांधून दिली. मग वायूचा भाव पडला आणि कंपनीची जहाजं यायची बंद झाली. मजूर तिथेच राहिले. मग चुलीचा काळ. डोहावरची हवा आधीच इतकी हलकी की दुसरा कुठला वायू भरून फुगा तरंगत नाही. तीच हवा तापवून भरावी लागते. म्हणून प्रत्येक गावाला एक मोठी चूल. तिचं सरपण म्हणजे गाऱ्यावरून पाठवलेले विशिष्ट दगड, महिनोन्‌महिने तापत राहणारे. चूल विझली की फुगा निवतो आणि गाव खाली जातं. खाली तळ नाही. नुसता अंधार, दाब आणि उष्णता.

मावशीनं वाटी खाली ठेवली. “चूल इझली तं गाव बुडते? मंग तं समदं बायकाइच्याच हातात आलं.”

मी सांगितलं की डोहावर चुलीची पाळी बाप्यांनाही असते. ती म्हणाली, “म्हणूनच बुडलं असन एखांदं.”

ती चुकली नव्हती. सातफुगी आणि राखणी ही दोन शेजारची गावं. सातफुगीनं धुरा रेटला, राखणीनं तो पुन्हा मागे ढकलला, असं तीन पिढ्या चाललं. शेवटी राखणीची चूल विझली आणि राखणी बुडाली. त्यानंतर मुका काळ. जिंकलेली सातफुगी हळूहळू बोलायचीच बंद होते, तिच्या बाजूनं कोणतीही बातमी येत नाही, आणि दोन पिढ्यांनी ती कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. असं का झालं, हे मी लिहिलं नव्हतं. मला माहीत नव्हतं. ते तसंच झालं असणार एवढं मात्र आतून पक्कं वाटायचं.

“अन् मास्तर म्हंते का हे झालंच नाई?”

“व्हय.”

“राखणीतले लोक मेले ते?”

“ते पण नाही.”

मावशीनं वाट्या गोळा केल्या. मग भांडी घासायला उठली.

रिद्धपूर, शनिवार

सकाळी ‘डोह’ लिहिलं. ‘गारा दिसला’ लिहिलं. माझ्या नावाखाली काही नाही. इतरांचे ग्रह एकमेकांना दिसत होते. मधेच माझं एक नाव कोरडं पडलेलं. गटातल्या कोणी त्यावर अक्षर काढलं नव्हतं, आणि ते मला सरांपेक्षा जास्त लागलं.

रिद्धपूर लहान आहे. पाहायला म्हणून गेलात तर तासाभरात गाव संपेल. पण पंथाच्या माणसाबरोबर गेलात तर दिवस पुरत नाही, कारण इथे देवळापेक्षा जागेला मान. पंथाचे प्रभू जिथे बसले, जिथे उभे राहिले, जिथे जेवले, त्या प्रत्येक ठिकाणी एक ओटा. मावशी एकेका ओट्यावर डोकं टेकवत होती, भेटेल त्याला ‘दंडवत’ म्हणत होती. मी पिशवी छातीशी धरून मागे. आमच्या घरी देवापुढे नारळ फोडतात, नवस बोलतात. इथे त्यातलं काही नाही. एका रिकाम्या दगडी ओट्यापुढे माणूस वाकतो, कारण तिथे एकदा कोणीतरी होतं.

एका मंदिरात काळसर वस्त्रातले एक म्हातारे बाबा बसले होते. मी विचारलं, ही जागा हीच, हे कशावरून. कॉलेज शिकलेल्यांना हा प्रश्न पडतोच आणि तो विचारायला मी लाजत नाही. बाबांना राग आला नाही. ते म्हणाले, “ज्याइनं पाह्यलं त्याइनं दुसऱ्याले दाखवलं. त्यानं तिसऱ्याले. इथं वाडा होता, तो गेला. जागा राह्यली.”

हे ऐकून एखाद्याला शांत वाटलं असतं. माझा जीव आणखी वरखाली झाला. इथे वाडा गेला तरी जमीन तिथेच राहिली, म्हणून ओटा बांधता आला. राखणी बुडाली ती जागा दुसऱ्या दिवशी वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे गेली असणार. तिच्यासाठी ओटा कुठे बांधाल? मला वाटलं, सर उद्या नेमकं हेच विचारतील आणि मी उभी राहीन पिशवी धरून.

दुपारी प्रसादाला भात-वरण आणि वांग्याची भाजी होती. भाजी इतकी तिखट की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याला निमित्त मिळालं हे बरंच झालं. त्या रात्री आम्ही तिथल्याच आश्रमात मुक्काम केला.

चांदूर बाजारच्या गाडीत, रविवार सकाळ

पहाटे गार वारा होता. ‘डोह’. खाली काही नाही.

चांदूर बाजारच्या रस्त्याला दोन्हीकडे संत्र्यांचे बगीचे. आंबिया बहाराची तोड चालू होती. झाडाखाली ढीग लागलेले, ट्रकपाशी बाया निवड करत बसलेल्या. गाडी थांबली तेव्हा एकीनं खिडकीतून चार संत्री हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. आंबट होती. मावशीनं सगळी खाल्ली.

आमच्या पुढच्या बाकावर एक म्हातारी होती. तिनं मावशीला गाव विचारलं. मावशीनं माहेरचं गाव सांगितलं. म्हातारी म्हणाली, त्या गावात आपली नणंद दिलेली आहे. कोणाच्या घरी? मग सुरू झालं. वावर कोणतं? नाल्याच्या उगवतीचं. म्हणजे बोंद्र्याच्या वावराले लागून? नाई, बोंद्रे मावळतीले, वरच्या अंगाले खंडारे. मंग खाली ढोक असतीन. व्हय, ढोकच. म्हातारीनं समाधानानं मान हलवली. तिनं ते वावर उभ्या जन्मात पाहिलं नसेल, पण ते कुठे आहे हे तिला पक्कं कळलं होतं. नंतर दोघी नणंदेच्या सुनेवर घसरल्या.

मी हे ऐकलं, आणि खरं सांगायचं तर त्याकडे लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष खड्ड्यांकडे होतं. रस्त्याचं काम चालू होतं आणि गाडी अशी आदळत होती की मांडीवरची पिशवी दर वेळी टुणकन उडत होती.

परतवाडा

परतवाडा म्हणजे मेळघाटाचं दार. बसस्थानकाबाहेर वर जाणाऱ्या जीपगाड्या उभ्या, चालक ओरडून माणसं भरतात. कोरकू बाया डोक्यावर गाठोडी घेऊन चढत होत्या. उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत. अकोल्याच्या माणसाला डोंगर दिसला की हुरूप येतो, आमच्याकडे सगळं ताटासारखं सपाट. मला मात्र त्या भिंतीकडे पाहून वाटलं की आता पुढे पळायलाही जागा नाही.

बैठक इरफानभाईंकडे होती. ते चष्म्याचे दुकानदार, आणि दूरवस्तीत काचेच्या ग्रहाचे धनी. दुकानामागच्या खोलीत सतरंजी टाकली होती. इरफानभाईंनी चहा दिला आणि मावशीला खुर्ची. त्यांनी हळूच विचारलं, “बाजी, तुम्ही कोणत्या ग्रहाच्या?” मावशी म्हणाली, “मी राखणीची.” ते गंभीरपणे म्हणाले, “अफसोस झाला ऐकून.”

मी कोपऱ्यात जाऊन पिशवी उघडली. डोह होता, दह्याचा डोळा होता, पण एकही टाचणी जागेवर नव्हती. कापूस टाचणीला धरून ठेवत नाही, हे कापसाच्या मुलखातल्या मुलीला कळायला हवं होतं. सगळी गावं पिशवीच्या तळाला, धाग्यांत अडकलेली.

बाहेर सरांची स्कूटर थांबल्याचा आवाज आला. मावशीनं टाचण्या ओंजळीत गोळा केल्या. “सांग, कोणतं कोठी?”

मला आठवेना. वरून किती अंतरावर, कोणत्या पट्ट्यात, काही आठवेना. मी माझा ग्रह विसरले होते. मावशीनं लाल टाचणी पुढे केली. “हे कोणतं?”

“सातफुगी.”

“कोणाच्या शेजारी?”

“उगवतीला राखणी. मावळतीला उंबरठा गाव. वर,” मी म्हटलं, “वर गारा.”

ते तोंडातून आपोआप गेलं. मग हिरवी. हिच्या उगवतीला ही, हिच्या खाली ती. एकेक टाचणी दुसरीला विचारून आत गेली. पूर्वीच्या जागी गेली नसेल. पण सगळी गावं एकमेकांपाशी बरोबर बसली. भीती गेली असं नाही. काहीतरी हाती लागलं होतं आणि ते नीट बोलता येईल की नाही ही नवी भीती आली.

सर आले. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, मलाही. बाकीच्या ग्रहांचं आटोपायला दुपार झाली. मध्ये पातोडीची भाजी आणि भाकरी होती, मी नुसतीच चिवडली. मग सरांनी चष्मा पुसला.

त्यांनी आपला मुद्दा मांडला, आणि तो नीट मांडला. डोहावर वाऱ्याचे पट्टे आहेत. प्रत्येक पट्टा वाहतो, शेजारचा पट्टा उलट वाहतो. आज जिथे धुरा म्हणाल तिथे उद्या दुसरीच हवा असेल. माझं लिखाण चांगलं आहे, राखणी बुडते ते प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं. “पण वनिताबाई, तुम्ही वऱ्हाडातलं वावर उचलून आभाळात ठेवलं आहे. ते तिथे राहणार नाही.”

कोणी हसलं नाही. इरफानभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी डोह मधे ठेवला. म्हटलं, सर, मी वावर उचलून ठेवलं हे खरं आहे. मला तेच येतं. पण आमच्याकडे वावर कुठे आहे असं विचारलं तर कोणी जमिनीचं माप सांगत नाही, चारी बाजूला कोण आहे ते सांगतात. डोहावर एका पट्ट्यातली गावं सोबतच वाहतात. जागा बदलते, शेजारी बदलत नाही. रोज सकाळी प्रत्येक गाव चुलीचं झाकण उघडून उजेड दाखवतं आणि शेजारी उजेडानं उत्तर देतो. ज्याला उत्तर आलं ते गाव आहे, आणि तिथे आहे; गाऱ्याचे दगडही त्याच्याकडेच येतात. “हाच धुरा. तो जमिनीत नसतो. तो त्या उत्तरात असतो.”

सर म्हणाले, “हे तुमच्या इतिहासात लिहिलेलं नाही.”

“नाही. मला आज समजलं.”

“मग लढाई कशाची? जमीन नाही, तर सातफुगीनं रेटलं काय?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. आणि मग मी जे बोलले ते मी ठरवून बोलले नाही.

“सातफुगीनं एका सकाळी उत्तर दिलं नाही. एवढंच. राखणीनं उजेड दाखवला आणि सातफुगी गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही. सर, मी दिवाळीपासून रोज सकाळी डोह लिहिते. तुम्ही दिसला म्हणत नाही. माझा डोह कुठे आहे हे मला कळेनासं झालंय. मी नोकरी करते, जेवते, पण सकाळी तो फोन हातात घेतला की मी राखणीत असते.”

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घातला. त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले की निर्णय होईपर्यंत दिसला म्हणणं त्यांना खोटेपणाचं वाटलं असतं. पटलेलं नसताना दिसला कसं म्हणायचं. यात वैर नव्हतं. मला ते खरं वाटलं, आणि खरं वाटल्यामुळे जास्त वाईट वाटलं.

तेव्हा इरफानभाई म्हणाले, “एक बात सांगा, वनिताताई. राखणी बुडाली. मग सातफुगीच्या उगवतीले राह्यलं कोण?”

मी डोहाकडे पाहिलं. बुडालेल्या राखणीला मी टाचणी ठेवलीच नव्हती; लाल टाचणीच्या पलीकडे नुसता कापूस. “कोणी नाही,” मी म्हटलं. “त्या बाजूनं तिला उत्तर देणारं कोणी उरलं नाही. मग उंबरठाही तिला भ्यायला लागला असेल, उत्तर देईनासा झाला असेल. ती जिंकली, आणि ती कुठे आहे हे तिलाच सांगता येईना.” मुका काळ मी कितीतरी आधी लिहिला होता. त्याचं कारण मला त्या सतरंजीवर बसून कळलं.

सरांनी त्या दह्याच्या डागाकडे बोट दाखवलं. हे वादळ इतिहासात कुठे आहे, त्यांनी विचारलं. मावशी खुर्चीतून म्हणाली, “ते शुक्रवारी आलं.”

आता सगळे हसले, सर सोडून. ते म्हणाले की त्यांना विचार करावा लागेल, दगडांचा हिशेब आणि उजेड दिसण्याचं अंतर तपासावं लागेल, सकाळपर्यंत कळवतील. छपाईला मजकूर सोमवारीच जाणार होता. गाऱ्याची वही त्यांनी पिशवीत घातली आणि स्कूटरला किक मारून निघून गेले.

इरफानभाईंच्या घरी आमचा मुक्काम. त्यांच्या बायकोनं खिचडी केली, सोबत लोणचं. मावशी गाढ झोपली. मी झोपले असं म्हणणार नाही.

परतवाडा बसस्थानक, सोमवार

अमरावतीची गाडी लागली होती. खिडकीची जागा मावशीला, मांडीवर डोह माझ्या. मी फोन काढला आणि लिहिलं, ‘डोह’.

काचेच्या ग्रहाचं नाव आलं, कोणाला तरी दिसला. आणखी दोघांचे आले, दिसले. कंडक्टर घंटी मारून गेला. गाडी फाटकाबाहेर पडली, उसाच्या रसाचं दुकान मागे गेलं, मग लाकडाच्या वखारी. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. पुन्हा सुलटा केला. मावशी काही विचारत नव्हती, आणि ती विचारत नाही म्हणजे तिलाही भीती वाटत होती.

डोंगर मागे पडला. आसेगावचा पूल यायच्या आधी सरांचं नाव हललं. ते लिहीत होते. थांबले. पुन्हा लिहायला लागले. एवढं मोठं काय लिहितायत, आता कारणं देणार, असं मी मनाशी म्हणत होते, आणि मग आलं.

‘डोह दिसला.’

बाकी काही नाही. मी लगेच ‘गारा दिसला’ लिहायला गेले तर अक्षरं चुकीची पडली, पुसून पुन्हा लिहावी लागली. दोन मिनिटांनी त्यांचं आणखी एक वाक्य आलं, की दोन गावांतलं अंतर तुम्ही जरा जास्तच धरलं आहे, तेवढ्यावरून उजेड दिसणार नाही, ते कमी करा.

मावशीनं माझं तोंड पाहून ओळखलं असावं. पूर्णेच्या पात्रात पाणी थोडं होतं, वाळूवर कोणीतरी कपडे वाळत घातले होते. ती बाहेर पाहत म्हणाली, “मंग? कोठी हाये आता तुया डोह?”

“गाऱ्याच्या शेजारी,” मी म्हटलं.